लीजची गाडी परत देताना: लेस्टरच्या डेंटवाल्याला पावणेपाच तारे

आधीच सांगते, ज्या माणसाबद्दल हे लिहितेय त्याचं नाव आणि नंबर इथे नाही. त्यानेच नको म्हटलं. एकटा माणूस, एकच व्हॅन, आणि फेब्रुवारीत तर फोन उचलायलाही फुरसत नाही. तरी लिहितेय, कारण इंग्लंडात लीजवर गाडी वापरणारे आपले लोक भरपूर आहेत आणि गाडी परत द्यायची वेळ आली की दोनच प्रकार दिसतात. एक, घाबरून अख्खी गाडी रंगवायला काढणारे. दुसरे, ‘बघू काय बिल लावतात ते’ म्हणून तशीच देणारे. पैसे दोघांचेही जातात. या माणसाने माझे वाचवले, आणि तेही मुख्यतः ‘हे करू नका’ असं सांगून.

गाडी निसान लीफ, लाल, २२ ची प्लेट, म्हणजे मार्च २०२२ ची. मी इथे हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. पगारातून परस्पर हप्ता कापला जातो त्या योजनेतून गाडी घेतली होती. तेव्हा इलेक्ट्रिक कंपनी-कारसाठी किमतीच्या फक्त एक-दोन टक्के रक्कम उत्पन्नात धरून त्यावर कर लागायचा, त्यामुळे लॅबमधल्या निम्म्या लोकांनी एकदमच गाड्या घेतल्या होत्या. तीन वर्षांनी त्या सगळ्या एकदमच परत जाणार हे ओघानं आलंच, आणि शहरातले चांगले कारागीर त्याच महिन्यात गायब होणार हेही. काही योजनांमध्ये शेवटच्या नुकसानीला ठरावीक रकमेपर्यंत संरक्षण असतं. तुमच्या करारात ते असेल तर पुढचं अर्धं वाचायची गरज नाही. माझ्या करारात नव्हतं.

लीज कंपनी तीन वर्षांच्या गाडीकडून नवीकोरी असण्याची अपेक्षा ठेवत नाही. किती झीज चालेल याचे आकडे ठरलेले आहेत. इथल्या गाडी-भाडे आणि लीज कंपन्यांची संघटना आहे, बीव्हीआरएलए. तिची एक पुस्तिका आहे, ‘फेअर वेअर अँड टेअर गाइड’, आणि बहुतेक मोठ्या कंपन्या तीच मानतात. पोचा १५ मिलिमीटरपर्यंत चालतो, एका पॅनलवर (दार, बॉनेट असा एकेक भाग) दोनपेक्षा जास्त नकोत, आणि रंग फुटलेला नको. ओरखडा २५ मिलिमीटरपर्यंत चालतो, खालचा प्रायमर किंवा पत्रा दिसत नसला तर, आणि एका पॅनलवर चारपर्यंत. अलॉय व्हीलच्या कडेला खरचटलेलं सगळं मिळून ५० मिलिमीटरपर्यंत माफ. पण चाकाच्या आऱ्यांना लागलेलं माफ नाही, आणि टपावरचा किंवा पत्र्याच्या घडीवरचा (पॅनलवरून जाणारी उठावाची रेघ) पोचा कितीही लहान असला तरी माफ नाही. पुस्तिकाच सांगते की परत देण्याच्या दहा-बारा आठवडे आधी गाडी स्वतः तपासा. मार्चसाठी याचा अर्थ डिसेंबर. लेस्टरला डिसेंबरात चारच्या आधीच अंधारतं, म्हणून सुटीच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, गाडी धुऊन आणि पूर्ण सुकवून घेतली. ओल्या गाडीवर काहीच दिसत नाही, आणि मळलेल्या गाडीवर सगळंच ओरखडा वाटतं.

मोजायला पट्टीपेक्षा पर्स बरी. ५ पेन्सचं नाणं १८ मिलिमीटरचं असतं. त्याच्याखाली पोचा ऐसपैस लपला आणि कडेने नाणंच जास्त उरलं तर तो हद्दीत. एक पौंडाचं नाणं साडेतेवीसच्या आसपास, ते ओरखड्यांसाठी. आणि २० पेन्सचं टायरसाठी: खाचेत उभं घातलं आणि नाण्याची बाहेरची किनार दिसेनाशी झाली तर टायर कायद्याच्या १.६ मिलिमीटरच्या वर आहे. टायरच्या दुकानात मला ‘परत द्यायच्या आधी चारही बदलून घ्या’ असा सल्ला मिळाला होता. त्यांच्या बाजूने तो सल्ला उत्तमच होता. माझ्या टायरना अजून तीन मिलिमीटर शिल्लक होते आणि दुसऱ्या कुणासाठी नवे टायर घालून देण्याचं मला काही कारण दिसेना.

नवरा टॉर्च तिरका धरून उभा, मी उकिडवी बसून पॅनलच्या लांबीने नजर टाकतेय, शेजारची आजी पडद्याआडून बघतेय. यादी झाली ती अशी. पुढच्या उजव्या दारावर तळहाताएवढा उथळ पोचा, पार्किंगमध्ये कुणाच्या तरी दाराने केलेला. मागच्या डाव्या चाकावरच्या पॅनलवर, नेमका घडीवर, वाटाण्याएवढा एक. मागच्या बंपरचा कोपरा खरवडलेला, आतलं काळं प्लास्टिक दिसतंय. डाव्या बाजूच्या दाराखालच्या पट्टीवर एक लांब बारीक ओरखडा. बॉनेटच्या नाकावर खड्यांचे टवके, आणि या लीफचं चार्जिंगचं झाकण नाकावरच असतं, त्यावरही. एम-वन मोटरवेच्या रोजच्या वापरात ते होणारच. पुढचं डावं चाक फुटपाथला घासून एका आऱ्यापर्यंत खरचटलेलं, बाकीच्या तिघांना कडेला थोडं थोडं. पुढच्या काचेवर एक टवका. आतलं वेगळं, त्यावर नंतर येते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामाचं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. त्याला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. ‘अगं, ह्याला काय लागतंय,’ मामा म्हणाला. ‘दार ठोकायचं, लांबी (पुट्टी) भरायची, घासायची, रंग मारायचा. बंपर काढून अख्खा रंगवायचा. चार दिवसांचं काम.’ इथल्या मजुरीचा दर सांगितल्यावर मात्र तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘मग ज्याला काय नाय लागत त्याला हात लावू नको.’ मामाचा हा सल्ला आणि पुढे डेंटवाल्याचा सल्ला एकच निघाला.

आधी मी एका बॉडीशॉपमध्ये गेले. छान रिसेप्शन, कॉफी मशीन, हातात टॅबलेट घेतलेला मुलगा. गाडीभोवती चक्कर मारून त्याने जे बिल काढलं ते ९८० पौंड. चारही चाकं, दार पूर्ण रंगवायचं, बंपर पूर्ण, दाराखालची पट्टी, शिवाय बॉनेटसुद्धा. मी विचारलं, बॉनेटवरचे टवके तर पुस्तिकेप्रमाणे झिजेत येतात ना? ‘सांगता येत नाही, हल्ली इन्स्पेक्टर कडक असतात,’ असं उत्तर. भीती दाखवून काम वाढवायची पद्धत कुठल्याही गावात सारखीच. ते काम वाईट करतात असं माझं म्हणणं नाही, मी करूनच घेतलं नाही. पण ज्याला पुस्तिकेतले आकडे सांगता येत नाहीत त्याच्याकडून लीजच्या गाडीचा अंदाज घेऊ नये.

डेंटवाला लॅबमधल्या सहकारणीने सुचवला. पन्नाशीचा, अस्सल लेस्टरचा, बोलताना प्रत्येक बाईला ‘मी डक’ (me duck, तिथलं आपुलकीचं संबोधन) म्हणणारा. घरी येऊन काम करतो. त्याने आल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘तुमच्या कंपनीचा दरतक्ता आहे का?’ मला माहीतच नव्हतं असा काही असतो. पण मागितल्यावर लीज कंपनीने ईमेलवर पाठवला: अमुक नुकसानीला अमुक पौंड, पॅनलप्रमाणे, चाकाप्रमाणे. गाडी ते दुरुस्त करतीलच असं नाही. बऱ्याचदा ती तशीच लिलावात विकली जाते आणि ओरखड्याचे पैसे आपल्याकडून घेतले जातात. त्यामुळे हिशोब साधा होतो. दुरुस्ती दरतक्त्यापेक्षा स्वस्त असेल तर करा, महाग असेल तर सोडा.

मग त्याने व्हॅनमधून एक दिवा काढला, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा. तो दारासमोर धरला की पत्र्यात पट्ट्यांचं प्रतिबिंब दिसतं, आणि जिथे पोचा आहे तिथे पट्ट्या वाकतात. मामाही ट्यूबलाइट धरून हेच करतो. मला न दिसलेले दोन पोचे त्या दिव्यात दिसले. दोन्हीवर त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘दहा मिलिमीटर. राहू द्या.’ बॉनेट? ‘राहू द्या.’ बाकीची तीन चाकं? त्याने कापडी टेप लावून कडेचं खरचटलेलं जोडून जोडून मोजलं. एकाचं चाळीसच्या आत, दुसऱ्या दोघांचं त्याहून कमी. ‘राहू द्या.’ दाराखालचा ओरखडा मात्र हद्दीबाहेर होता. तिथे तो थांबला. ‘हा मी करीन तर १३० घेईन. कंपनी तुम्हाला साठ-सत्तर लावेल. राहू द्या.’ समोर चालून आलेलं काम नको म्हणणारा कारागीर मी फार पाहिलेला नाही.

घडीवरचा वाटाण्याएवढा पोचा मात्र त्याने करायलाच हवा म्हणून सांगितलं, आणि गंमत म्हणजे तळहाताएवढ्या पोच्यापेक्षा त्याला वेळ जास्त लागला. रंग न फोडता पोचा काढण्याचं हे काम, इथे त्याला पीडीआर म्हणतात. दारासाठी त्याने काच खाली घेतली, काच आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकची ढाल सरकवली, आणि फटीतून लांब वाकडी सळी आत घालून पत्रा आतून दाबत, सरकत, पुन्हा दाबत बाहेर आणला. ठोकाठोकी नाही. नजर पूर्ण वेळ त्या पट्ट्यांवर. पट्टी सरळ झाली की पुढे. मधे मधे जिथे पत्रा जास्त उचलला गेला तिथे प्लास्टिकच्या दांडीने हलकी टकटक. आधी त्याने हीटगनने पत्रा कोमट केला, कारण थंडीत रंग कडक असतो आणि ओढताना तडकू शकतो. मागच्या पॅनलसाठी टेललाइट काढून तिथून हात घालावा लागला. घडीवर पत्रा मुळातच दुमडलेला, त्यामुळे ताठ. तिथला पोचा काढताना घडीची धारही परत आणावी लागते. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा तो गुडघ्यांवर बसून एकाच जागी इतका वेळ होता की मला वाटलं काहीतरी बिघडलं. काही बिघडलं नव्हतं. शेवटी मी बोट फिरवून शोधलं, नवऱ्याने शोधलं, आजीही बाहेर येऊन शोधून गेल्या. दोन्ही पोच्यांचे मिळून १४० पौंड.

बंपरचं काम दुसऱ्या दिवशी. याला स्मार्ट रिपेअर म्हणतात: पूर्ण पॅनल न रंगवता तेवढाच कोपरा घासून, भरून, प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक लॅकर. उघड्यावर फेब्रुवारीत रंग मारणं म्हणजे कटकट, म्हणून त्याने व्हॅनला जोडलेला तंबू उभारला आणि रंग वाळवायला इन्फ्रारेड दिवा लावला. लाल रंगाची भीती मला होती. गाडीच्या प्लेटवरचा रंगाचा कोड सारखा असला तरी त्याच कोडच्या छटा वेगवेगळ्या निघतात, आणि लाल तर तीन वर्षांच्या उन्हापावसात आणखी बदलतो. त्याने छटांची पत्ती काढून गाडीला लावून बघितली, एक निवडली, मग कार्डावर फवारून पुन्हा लावून बघितली. हे तो करत होता तेव्हाच मला कळलं की पैसे वाया जाणार नाहीत. पुस्तिकेत वाईट दुरुस्तीही नुकसानच धरलं जातं: न जुळणारा रंग, लाटा आलेला लॅकर, रंगात अडकलेली धूळ. म्हणून दुकानातून आणलेल्या रंगाच्या पेनाने टवके भरण्याच्या भानगडीत पडू नका असं मी सगळ्यांना सांगते. टवका झिजेत खपतो, वरचा गोळा खपत नाही. बंपरचे १९० पौंड. झाल्यावर ऊन पडलं तेव्हा मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. जुळला आहे. अगदी जवळून, तिरक्या उजेडात, लॅकरची पोत किंचित वेगळी दिसते. मलाच दिसते, कारण कुठे बघायचं ते मला माहीत आहे.

पाव तारा का कापला? मेसेजला उत्तर देत नाही, फोनच करावा लागतो, तोही संध्याकाळी. ‘सकाळी येतो’ म्हणाला की साडेअकरा धरायचे. गाडी उभी करायला सपाट जागा आणि विजेचं सॉकेट आपण द्यायचं. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना, म्हणजे बेलग्रेव्हकडच्या एकाला एक लागून असलेल्या घरांत राहणाऱ्यांना, त्याचा तंबू लावायला जागा मिळणं कठीण. आणि बिल हाताने लिहून देतो. मी मागून घेतलं, तारखेसह, कोणत्या पॅनलवर काय केलं ते लिहून. ते कागद ठेवावेत.

चाकाचं काम त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, हे त्याने स्वतःच सांगितलं. लीफच्या या मॉडेलची चाकं डायमंड-कट असतात. आधी रंगवतात, मग लेथवर समोरचा भाग बारीक कापून चकचकीत धातू उघडा करतात, आणि वर पारदर्शक लॅकर. लॅकर फुटला की पाणी आणि हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ खाली शिरतं आणि पांढरे नागमोडे डाग पसरत जातात. व्हॅनमधून येणारा माणूस ते रंगवून देऊ शकतो, पण कापाची चमक देऊ शकत नाही, आणि एक चाक करड्या रंगाचं नि तीन चकचकीत म्हणजे इन्स्पेक्टरला आमंत्रणच. म्हणून लेथ असलेल्या वर्कशॉपमध्ये गेले, औद्योगिक वसाहतीत. काम उत्तम, बोलणं शून्य. चारही करा म्हणून एकदा आग्रह झाला, मी टेपने मोजलेलं दाखवलं, विषय संपला. एका चाकाचे १०५ पौंड. प्रत्येक कापात धातू थोडा कमी होतो, त्यामुळे हे चाक आयुष्यात मोजक्याच वेळा कापता येतं, तेव्हा सहज म्हणून करून घेण्यासारखं हे काम नाहीच. तिथून निघताना लॉकिंग नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या नटची) चावी परत घेतली का ते बघा. ती हरवली की नवी घ्यावी लागते आणि परत देताना तीही मोजतात.

काचेवरचा टवका विम्यातून भरून घेतला. तो चालकाच्या नजरेसमोर नव्हता, त्यामुळे नीट भरलेला चालतो. हे मात्र टवका पडल्या पडल्या करावं. थंडीत काच गोठलेली असताना हीटर फुल लावला की टवक्याची चीर होते, आणि चीर झाली की पूर्ण काच, शिवाय काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन.

आता आतलं. डिकीच्या कार्पेटवर आईने पाठवलेल्या कोल्हापुरी चटणीचा डबा उलटला होता. कार्पेट काळपट असल्यामुळे डाग फारसा दिसत नव्हता. वास मात्र होता, आणि पुस्तिकेत आतला भाग स्वच्छ आणि वासरहित हवा असं स्पष्ट लिहिलंय. आम्हाला तो वास घराचा वाटतो, इन्स्पेक्टरला वाटेलच असं नाही. मेल्टन रोडजवळच्या एका हात-धुलाईवाल्यांकडे व्हॅलेटिंगला, म्हणजे आतून पूर्ण सफाईला, दिली. तिथल्या मुलाने नाक पुढे केलं, हसला, आणि कुठल्याही प्रश्नाशिवाय ‘लसूण’ म्हणाला. गरम पाणी मारून ओढून घेणारं मशीन दोनदा फिरवलं, मधे एक दिवस डिकी उघडी ठेवून सुकवायला सांगितली. मी गाडीत सेंट फवारण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, नको, मग दोन वास होतात. ७५ पौंड, सीटसकट. पंजाबी होता, त्याच्या आईच्या लोणच्याचंही असंच काही झालं होतं म्हणाला. त्याला पूर्ण पाच.

डॅशबोर्डवरचा गणपती तीन वर्षं दुहेरी टेपवर बसला होता. तो ओरबाडू नका, डॅशबोर्डचं प्लास्टिक पांढरं पडतं. हेअर ड्रायरने कोमट केला, दातांच्या फ्लॉसचा दोरा मागून करवतीसारखा ओढला, उरलेला चिकटा बोटाने चोळून गोळ्या गोळ्या करून काढला. बाप्पा सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. पुढच्या गाडीला मी डॅशबोर्डवर आधी पारदर्शक फिल्म लावणार आहे.

बाकी किरकोळ. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण हव्यात. दोन्ही किल्ल्या, चार्जिंगच्या केबली, डिकीतलं सामान झाकायचं आवरण आणि पंक्चर भरण्याचा संच (लीफला स्टेपनी नसते) एका पिशवीत. गाडीतून घरचा पत्ता, फोनची यादी पुसून टाकली आणि ॲपमधून गाडी काढली. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग नव्या मालकाची गाडी ह्यांच्या फोनवर दिसत राहते. तीन वर्षं पुरी व्हायच्या आतच गाडी जात होती म्हणून एमओटीचा, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, प्रश्न आला नाही. तुमची तारीख त्यानंतरची असेल तर ती चाचणी तुमच्याच गळ्यात.

न्यायला माणूस आला त्या दिवशी अर्थातच पाऊस. त्याने टॅबलेटवर फोटो काढले, टायरची खोली मापली, किल्ल्या मोजल्या, आणि अहवालात लिहिलं की गाडी ओली असल्यामुळे पृष्ठभाग नीट तपासता आला नाही. याचा अर्थ खरी तपासणी नंतर, त्यांच्या डेपोत, आपल्या पश्चात. म्हणून आदल्या दिवशी कोरड्या उजेडात प्रत्येक पॅनलचे फोटो आणि गाडीभोवती चालत घेतलेला एक सलग व्हिडिओ माझ्याकडे होता, किलोमीटर नव्हे, मैलांच्या आकड्यासकट. सही करताना ती ओळ वाचली आणि ‘माझ्याकडे कोरड्या गाडीचे फोटो आहेत’ एवढं शेऱ्यात लिहायला लावलं. त्याने कुरकुर न करता लिहिलं. बिचारा भिजत होता.

बिल काही आठवड्यांनी आलं: ६४ पौंड. दाराखालची पट्टी, ओरखडा, २५ मिलिमीटरपेक्षा जास्त. बाकी काहीच नाही, बॉनेट नाही, ती तीन चाकं नाहीत. वाद घालायचा असता तर आधी कंपनीकडे, आणि तिथे जमलं नाही तर संघटनेकडे तक्रार नेता येते, पण हा ओरखडा खरोखरच हद्दीबाहेर होता आणि डेंटवाल्याने सांगितलेल्या साठ-सत्तरच्या बरोबर मधे आकडा आला होता. भरून टाकले. सगळं धरून ५७४ पौंड झाले. बॉडीशॉपचे ९८० होते, आणि त्यात डिकीतली चटणी धरलेलीच नव्हती.

मामाला आकडे पाठवले. त्याचा एकच प्रश्न आला, त्या पट्ट्यांच्या दिव्याचा फोटो आहे का. पाठवला. आता त्याला तो कोल्हापुरात बनवून घ्यायचा आहे.

इथे नव्या नंबरप्लेट मार्च आणि सप्टेंबरच्या एक तारखेला निघतात, त्यामुळे लीज त्याच सुमारास सुरू होतात आणि त्याच सुमारास संपतात. त्याआधीचा महिनाभर हे लोक मिळत नाहीत. माझी मार्चची गाडी होती, मी डिसेंबरात मोजून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन केला तरी मला फेब्रुवारीचीच तारीख मिळाली. सप्टेंबरवाल्यांनी जूनमध्ये फोन करावा. त्यांना तंबूचीही अडचण येणार नाही. लेस्टर-लफबराकडचं कुणी असेल तर मला मेसेज टाका, त्याला विचारून नंबर देईन, आणि फोन संध्याकाळी सहानंतर करा.